सदा, तो ठळक आकडा सोड

सांगली,
१२ ऑगस्ट

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि त्यात घडी घालून ठेवलेली रिपोर्टची झेरॉक्स मिळाली. डी-डायमर, म्हणजे ती रक्तातल्या गुठळीची तपासणी, ५८०, ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. त्या बाणानं तुझी झोप उडवलेली दिसते. आणि पत्राच्या तळाशी, सहज आठवल्यासारखं लिहिलंयस की मेडिकलवाल्यानं सांगितलं म्हणून रोज अ‍ॅस्पिरीन सुरू केलीस. लेका, मला भीती वाटली ती या शेवटच्या ओळीची.

तुला कळवलं नव्हतं, पण यंदा वैशाखात माझ्या पायात गुठळी झाली होती. पुतण्याच्या लग्नाला रात्रभर बसनं नागपूरला गेलो, तसाच परतलो आणि दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात गादीवर मांडी ठोकून बसलो. हळदीचे सौदे चालू, उठतोय कोण? डावी पोटरी जड वाटायला लागली. दुखलं म्हणावं तर फारसं नाही. पंधरा वर्षांच्या शुगरनं पाय आधीच बधिर. लचक असेल म्हणून चार दिवस तेल लावून रगडून घेतली. शेवटी डाव्या चपलेत पाय शिरेना, तेव्हा सूनबाईनं शिवणाची टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. साडेतीन सेंटिमीटरचा फरक! मिरजेला डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली, तर गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी. रगडण्याचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तुकडा सुटला असता तर थेट फुफ्फुसात, एवढंच बोलले. आधी पोटात इंजेक्शनं, मग तीन महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या.

मला आपलं वाटायचं, साखर वाढली की रक्त पाकासारखं घट्ट होतं. डॉक्टर म्हणाले, तसं नसतं. आपल्या यार्डाच्या भाषेत सांगतो. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं, त्याची सुतळी होते ती फायब्रिन. जखम झाली की या सुतळीनं तोंड शिवलं जातं, आणि काम झालं की प्लाझमिन नावाचा गडी टाके उसवतो. डायबेटिसमध्ये फायब्रिनोजेन बऱ्याचदा वाढलेलं, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, चिकट झालेल्या, आणि साखर त्या सुतळीलाच चिकटून वीण अशी आवळते की उसवता उसवत नाही. त्यात पीएआय-१ नावाचं आणखी एक प्रथिन, ते उसवणाऱ्या गड्याला कामावरच येऊ देत नाही. पोट सुटलं की तेही वाढतं. (इथं डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.) म्हणून आपल्यासारख्यांना हार्ट अटॅकची आणि लकव्याची भीती जास्त. पायाच्या शिरेतल्या गुठळीचं सगळं खापर मात्र शुगरवर फोडू नका म्हणाले. रात्रभराची बस, मांडी आणि ढेरी यांचाही वाटा धरा.

आता तुझा ५८०. डी-डायमर म्हणजे उसवलेल्या सुतळीचे तुकडे. कुठंही काही शिवलं-उसवलं गेलं की ते वाढतात. तू त्याच आठवड्यात दाढ काढलीस की नाही? शिवाय नेहमीची मर्यादा ५०० असली तरी पन्नाशीनंतर वयाला दहानं गुणतात. तू चौसष्टचा, म्हणजे ६४०. ५०० ची मर्यादा ज्या एककात धरतात, तुझ्या रिपोर्टात तेच आहे ना, एवढं डॉक्टरांकडून बघून घे. आणि मुळात ही तपासणी पाय सुजलेल्या किंवा धाप लागलेल्या माणसाची करतात, तीही गुठळी नाही याची खात्री करायला. धडधाकट अजिंक्यतारा चढणाऱ्या माणसाच्या पॅकेजमध्ये ती कशाला घुसवली, देव जाणे. सवलतीत मिळाली म्हणून तू करून घेतलीस, हेही मला माहीत आहे.

अ‍ॅस्पिरीनचं मी माझ्या डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. ब्रिटनमध्ये १५,४८० मधुमेहींवर मोठी पाहणी झाली, २०१८ साली छापून आली. हृदयविकार झालेला नाही अशांना अ‍ॅस्पिरीन देऊन सरासरी सात वर्षांवर पाहिलं. शंभरात साधारण एकाचा झटका टळला, आणि जवळजवळ तितक्यांनाच मोठा रक्तस्राव जास्त झाला. स्टेंटवाल्यांची, झटका येऊन गेलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांनी ती गोळी मनानं सोडायची नाही. पण तुला काही झालेलं नसताना, त्यात तुझा तो जुना अल्सर! उद्याच डॉक्टरांकडे जा आणि गोळीची पट्टी बरोबर ने.

एक मात्र मनावर घे. एकच पाय सुजला, गरम लागला, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर माझ्यासारखं तेल शोधत बसू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आणि झेरॉक्सचं दुसरं पान तू स्वतः वाचलंस का? त्यावर एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.१ आहे. त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. वर ‘येताना कंदी पेढे आणतो’ असं लिहितोस. पेढे राहू देत, रिकाम्या हातानं ये. संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊ. माझी चाल अजून जरा मंद आहे, पण तुला दम लागेल एवढी नक्की आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू