पाळकसाहेब, तुम्ही तो शास्त्रभाग वाचलात म्हणून

आदरणीय पाळकसाहेब,
जय ख्रिस्त.

हे पत्र चारचौघांत लिहितो आहे, कारण तुमच्याविरुद्ध बोललो तेही चारचौघांतच.

बोअरला पाणी लागलं म्हणून शेतात उपकारस्तुती ठेवली होती. 'स्तोत्र 65 घ्या, पावसापाण्याचं आहे,' असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. मांडवात मंडळी बसली आणि तुम्ही बायबलातल्या 'गणना' पुस्तकाचा 27वा अध्याय उघडलात. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात. मोशे ते प्रकरण परमेश्वरापुढे नेतो आणि उत्तर येतं, मुलींचं म्हणणं रास्त आहे. अकरा वचनं वाचलीत, पाण्याबद्दल देवाचे आभार मानलेत आणि खाली बसलात. कुणाचं नाव घेतलं नाहीत.

मला घाम फुटला होता. वडील गेल्यावर दोन एकरांचं हक्कसोडपत्र अक्काकडून, माझ्या बहिणीकडून, मीच करून घेतलं होतं. माहेर तुटू नये म्हणून तिने मुकाट सही केली. आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, त्यात मुलगा-मुलगी समान, हे मला पक्कं माहीत होतं. तरी कित्येक दिवस मी एकच मुद्दा धरून बसलो, की सलाफहादाच्या मुलींना भाऊ नव्हता. अक्काला भाऊ होता, आणि तिचा वाटा त्यानेच घेतला होता.

त्याआधी तुम्ही दोनदा घरी येऊन एकट्याने विषय काढला होतात. दोन्ही वेळा मी बोलणं पावसावर नेलं. हे मी लोकांना कधी सांगितलं नाही. 'पाळकांनी भर मांडवात अपमान केला' एवढंच सांगत फिरलो आणि दुसऱ्या सभेला जाऊ लागलो. तिथे दर रविवारी ऐकायला मिळायचं, हे वर्ष तुमच्या आशीर्वादाचं. बरं वाटायचं.

मग एका रात्री घरच्या प्रार्थनेत मुलीने 1 राजे 22 वाचलं. चारशे संदेष्टे इस्राएलचा राजा अहाब याला सांगतात, रामोथ-गिलादावर चढाई कर, जय तुझाच. एकटा मीखाया खरं बोलतो, आणि अहाब त्याला कैदेत टाकून लढाईत मरायला जातो. तो मीखायाचा द्वेष का करतो, हे त्याने स्वतःच आधी सांगितलेलं असतं: हा माझ्याबद्दल चांगलं कधी बोलतच नाही. ते वाक्य मुलीच्या तोंडून ऐकलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. नाबोथ नावाच्या माणसाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा लाटला गेला तो याच अहाबासाठी, हे तर मागच्याच अध्यायात आहे.

गेल्या महिन्यात एका एकराचं बक्षीसपत्र नोंदवलं. सातबाऱ्यावर अक्काचं नाव लागलं. ती शेतात आली, बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली, आणि आम्ही दोघं बांधावर बराच वेळ काही न बोलता बसलो.

साहेब, माझं रागावणं दिसत असताना तुम्ही ते पान उघडलंत. मनापासून आभार. तुमची बदली झाली आहे, तरी एकदा या. अक्काच्या तुकड्यात कांदा लावायचा आहे, त्याआधी प्रार्थना ठेवतो आहोत. शास्त्रभाग तुम्हीच निवडा.

तुमच्या जुन्या मंडळीतला एक सभासद