विषय: पैसे १९२ किलोहर्ट्झचे, आवाज ४८ वर. हाय-रेस प्लॅनची वार्षिक वर्गणी परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

तुमच्या वरिष्ठ प्रतिनिधींचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो आहे.

तुमच्या म्युझिक स्ट्रीमिंगच्या विंडोज ॲपच्या गेल्या अपडेटपासून सेटिंग्जमधला 'एक्सक्लुझिव्ह मोड', म्हणजे गाणं विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट बाहेर पाठवायची सोय, गायब आहे. त्याने काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आवाज आता विंडोजच्या मिक्सरमधून जातो आणि तिथे जो सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने, तो किलोहर्ट्झमधला आकडा) लावलेला असेल त्यात बदलूनच डॅकपर्यंत, म्हणजे डिजिटल आवाज ॲनालॉग करणाऱ्या माझ्या उपकरणापर्यंत, पोचतो. ॲपमध्ये अल्बमखाली '२४ बिट / १९२ किलोहर्ट्झ' लिहिलेलं, आणि डॅकच्या खिडकीत ४८. ९६ चा अल्बम लावला तरी ४८. सीडीच्या दर्जाचा ४४.१ चा लावला तरी ४८च. पूर्वी अल्बम बदलला की हा आकडा आपोआप बदलायचा. आता दर अल्बमला विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने रेट बदलत बसायचं का?

पहिल्या प्रतिनिधीने केबल बदलायला लावली. बदलली. मग इंटरनेटचा स्पीड विचारला. मग म्हणाला, "सर, ब्लूटूथ हेडफोन लावून बघा, मस्त आवाज येतो." अहो, ब्लूटूथवर एलडॅक हे हाय-रेससाठीचं तंत्र वापरलं तरी सेकंदाला ९९० किलोबिटच्या पुढे जाता येत नाही, आणि साध्या सीडीचाच बिटरेट १४११ आहे! वरिष्ठांना द्या म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, खरं सांगू का? १९२ आणि ४८ मधला फरक माणसाच्या कानाला कळतच नाही. तुम्ही आकड्याकडे बघू नका, गाणं एन्जॉय करा."

आकडा मी काढलेला नाही. तो तुमच्या जाहिरातीत आहे, प्लॅनच्या नावाखाली आहे, आणि त्याच आकड्यापोटी तुम्ही साध्या प्लॅनपेक्षा जास्त पैसे घेतलेत. फरक कळत नाही असं तुमच्याच माणसांचं मत असेल, तर तो विकलात कशाला?

त्याच डॅकला आयफोन जोडून ॲपल म्युझिक लावलं की ९६ चा अल्बम ९६ दाखवतो, १९२ चा १९२. त्यांनी जून २०२१ मध्ये लॉसलेस (मूळ रेकॉर्डिंगमधलं काहीही न गाळता दिलेला आवाज) आणलं तेही जादा पैसे न घेता. स्पॉटिफायने २०२५ मध्ये लॉसलेस आणलं, ते २४ बिट / ४४.१ पर्यंतच आहे, पण ते तसं सांगतात तरी. तरीही मी तुमच्याकडेच राहिलो, कारण ख्यालाच्या अल्बमवर तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, रेकॉर्डिंग कधीचं, हे तुम्ही नीट देता. संगीताची एवढी कदर असलेल्या कंपनीकडून "आकड्याकडे बघू नका" हे ऐकावं लागलं, याचं फार वाईट वाटलं.

एक्सक्लुझिव्ह मोड परत कधी येणार ती तारीख कळवा, नाहीतर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. १५ दिवसांत दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ॲप आणि डॅक एकाच फोटोत दिसतील असे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

आपला,
एक वर्गणीदार