कापणीच्या सणाची हर्रासी यंदा मिझोरामसाठी

प्रभूच्या नावाने सलाम.

कापणीचा सण जवळ आला. दरवर्षी आपण शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतो, भक्तीनंतर हर्रासी होते आणि बाजारात वीस रुपयांचा भोपळा आपल्या मांडवात तीनशेला जातो. यंदा हा पैसा चर्चच्या छपरासाठी ठेवला होता. छप्पर आणखी एक पावसाळा काढेल. हर्रासीची सगळी रक्कम म्यानमारमधून मिझोराममध्ये आसऱ्याला आलेल्या चिन जमातीच्या कुटुंबांना पाठवायची, असं पंचांनी ठरवलं आहे.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. मग चिन प्रांतात घरंदारं जळाली, बॉम्ब पडले, आणि माणसं सीमेवरची तिआउ नदी ओलांडून मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात येऊ लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सीमेवरच लढाई पेटली, तेव्हा थोड्या दिवसांत हजारो जण आले. एकूण आकडा तीस हजारांच्या वर गेला. चिन लोक बहुतेक ख्रिस्ती, मिझोंचे भाऊबंद. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सहीही नाही. मिझोरामने त्यांच्या मुलांना सरकारी शाळेत घेतलं. पण खाण्यापिण्याचा, अंथरुणा-पांघरुणाचा बराचसा भार तिथली चर्चं आणि गावकरीच वाहत आहेत.

त्या मंडळ्या काही श्रीमंत नाहीत. १९१० पासून मिझो बाया दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढत आल्या आहेत. त्यावर त्यांची मोठमोठी कामं उभी राहिली. आपल्या महिला संघानेही सणापर्यंत रोज एक मूठ ज्वारी किंवा तांदूळ काढायचं ठरवलं आहे. डबा कोणताही चालेल.

सोयाबीनला भाव नाही, कापूस वेचायला मजूर मिळत नाही, आपल्याच घरात अडचण असताना इतक्या दूर कशाला, हे बैठकीत बोललं गेलं. बोलणं खोटं नाही. पण १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात मिशनच्या आश्रमांनी अनाथ लेकरं सांभाळली, आणि आपल्यातल्या काही घरांची नाती तिथूनच सुरू होतात. त्या लेकरांना कोणी 'कुठली तू?' विचारत बसलं असतं तर?

गावातल्या इतर समाजाच्या भाऊ-बहिणींनीही हातभार लावावा. तिबेटी लोकांना गोठणगावला १९७२ पासून विदर्भानेच जागा दिली आहे, तेव्हा निर्वासित म्हणजे काय हे इथे समजावून सांगायला नको.

जुने कपडे मात्र आणू नका. पाठवायचा खर्च कपड्यांपेक्षा जास्त होतो, आणि तांदूळ, ब्लँकेट, वह्या तिथेच विकत मिळतात. धान्य, भाजी, कोंबडी, अंडी, जे असेल ते शनिवारी संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये पोचवा. रोख देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, पंचांच्यासुद्धा नाही. रक्कम मंडळीच्या खात्यातून मिझोराममधल्या मंडळीच्या खात्यात जाईल आणि हिशेब पुढच्या रविवारी भक्तीनंतर वाचला जाईल.

बोली लागली की पैसे तिथेच भरावेत. मागच्या सणातल्या दोन कोंबड्यांची उधारी अजून यायची आहे.

आपले,
पंचमंडळी व महिला संघ