कडबा काय आकाशातून पडणार?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ज्वारीवरचा लेख वाचला. ग्लुटेन नाही, तंतुमय पदार्थ भरपूर, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष, सगळं आलं. शेवटी उपायही सांगून झाला : काढणीला मजूर मिळत नाहीत ना, मग यंत्राने काढता येतील अशा बुटक्या जाती लावा. अख्ख्या पानात कडबा, म्हणजे जनावरांना घालायची ज्वारीची वाळलेली धाटं, हा शब्द मात्र एकदाही नाही. लेखकमहाशयांकडे बहुधा जनावर नसावं.

मजुरांचं म्हणणं खरंच आहे. रब्बीची ज्वारी आमच्याकडे कापत नाहीत, उपटतात. भेगाळलेल्या काळ्या रानातून धाट मुळासकट ओढताना तळहात सोलून निघतात, कोण येईल? पण मालदांडी ही आमची रब्बी ज्वारीची जात माणसाच्या डोक्यावर जाते, म्हणूनच तर ती लावायची. दाणा घरात आणि वैरण गंजीला, असा तिचा हिशेब.

एका रब्बीत, शिबिराला आलेल्या साहेबांच्या आग्रहाखातर आम्हीही बुटकी जात लावून बसलो. दाणा बरा उतरला, नाही म्हणत नाही. पेंढ्या बांधायला घेतल्या तर एकेक जेमतेम कमरेला लागेना. धाट जाड आणि चिवट. म्हैस पानं ओरबाडायची, बुडखे सगळे गव्हाणीत तसेच. मालदांडीची पेंढी हीच म्हैस कुट्टी न करता फस्त करते! होळीच्या सुमारास गंज संपली, पाऊस तीन महिने लांब. साहेबांना गाठलं तर म्हणाले, ‘उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, घाला.’ कोरडवाहू माणसाला उसाचं वाढं! त्यातल्या ऑक्झलेटने जनावराच्या अंगातलं कॅल्शियम जातं, हे शिबिरात सांगणारेही तेच. शेवटी एक बैल विकला, त्या पैशात दुसऱ्याला कडबा आणला.

उंच आणि पालेदार ज्वारी उपटून देणारं यंत्र करा म्हणावं, आम्ही रांग लावू. ज्वारीच बुटकी करून यंत्राच्या मापात बसवायची, हा कुठला न्याय?

जाता जाता, आपल्या कृषी सल्ल्याच्या चौकटीत खोडमाशीचा बंदोबस्त डिसेंबरात छापून आला. ही माशी उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोवळा कोंभ, मारते आणि आमची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकते. डिसेंबरात ज्वारी निसवायला, म्हणजे कणीस बाहेर पडायला, आलेली असते. सल्ला पुढच्या वर्षासाठी असेल तर तसं वर लिहीत चला.

— एक कोरडवाहू वाचक