कडेची जमीन कुणाचीच नसते?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील, कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाकडील कोळीवाड्यांमधून आरव्हीने (राहण्याची सोय असलेल्या मोटारीने) केलेल्या भ्रमंतीचा लेख काल वाचला. लेखकाची शैली प्रसन्न आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. मात्र महामार्ग ४३० वर ‘मनात येईल तिथे गाडी कडेला घ्यावी, ती जमीन कुणाचीच नसते आणि शेकोटीला लाकडेही आयती रचून ठेवलेली असतात’ असा जो सल्ला त्यांनी खास चौकट करून दिला आहे, तो वाचून सेंट जॉन्समध्ये राहणारा मराठी माणूस म्हणून मी खजील झालो.

ती ‘आयती’ लाकडे गावकऱ्यांनी परवाना काढून तोडलेली, बर्फावरून स्नोमोबाइलमागच्या घसरगाडीने ओढून आणलेली असतात आणि राशीवर परवान्याचा क्रमांक टांगलेला असतो. हजारो मैलांवरून हिमनग पाहायला येणाऱ्यांना हाताच्या अंतरावरचा क्रमांक दिसू नये, हे नवलच.

जमिनीचे म्हणाल, तर ही गावे खडकावर वसलेली असल्यामुळे घराभोवती माती जेमतेमच असते. रस्ता बांधताना कडेची दलदलीची माती उकरली गेली आणि लोकांनी तिथेच बटाटे, सलगम, गाजरे लावायला सुरुवात केली. घरापासून कित्येक किलोमीटर दूर असलेल्या या बागांना राखणदार नसतो, कारण त्याची कधी गरजच पडली नाही. काही वर्षांपूर्वी ग्रिकेट गावाच्या अलीकडे अशाच एका बागेत एक वृद्ध बाई फावड्याने वरंबे पुन्हा चढवताना दिसल्या. रात्री मुक्कामाला थांबलेल्या कुणा पाहुण्यांची जोडचाके त्यांच्या बटाट्यांवरून आरपार गेली होती; उन्हाळ्यात किनाऱ्यावर येणारे केपलिन मासे बादल्या भरभरून आणून त्यांनी खत म्हणून सऱ्यांत पुरले होते, ते चिखलासकट वर आले होते आणि समुद्रपक्षी त्यावर तुटून पडले होते. मी मदतीला उतरलो, तेव्हा बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या लोकांची गाडी फार वेळ रुतून तर बसली नसेल ना! आपल्या लेखकांनी ‘इथले लोक जरा अबोल वाटले’ असे लिहिले आहे, ते यासाठी आठवले.

लेखातील ‘काळ जिथे थांबला आहे’ अशा ओस धक्क्यांच्या वर्णनाबद्दलही लिहिणे भाग आहे. काळ तिथे आपोआप थांबलेला नाही. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने नॉर्दर्न कॉड या माशाची व्यापारी मासेमारी बंद केली. जाळी ओढत जाणाऱ्या मोठ्या बोटींनी (ट्रॉलरांनी) वर्षानुवर्षे समुद्र उपसल्यावर आलेल्या या बंदीने न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर प्रांतातील सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. १९९१ च्या जनगणनेत ५ लाख ६८ हजार असलेली प्रांताची लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख १३ हजारांवर आली. बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ साल उजाडले. गाव का रिकामे दिसते, हे एका वाक्यात सांगता आले असते. लेखकांनी ते वाक्य बहुधा सूर्यास्ताच्या तिसऱ्या वर्णनासाठी वाचवले.

जाता जाता आणखी एक. ‘उत्तरेकडील रंगीबेरंगी कोळीवाडा’ म्हणून छापलेले छायाचित्र सेंट जॉन्स शहरातील ‘जेलीबीन रो’चे आहे. ते शहर उत्तर टोकावरच्या सेंट अँथनी गावापासून रस्त्याने सुमारे हजार किलोमीटरवर आहे आणि त्या घरांच्या रांगेसमोरून मी रोज कामाला जातो. चित्र निवडणाऱ्यांनी नकाशा पाहण्याची तसदी घेतली असती, तर बरे झाले असते.

पुढच्या भागात लेखक सेंट बार्बहून फेरीबोटीने ‘थेट लॅब्राडोरला’ उतरणार असल्याचे जाहीर केले आहे. ती फेरी ब्लाँ-साब्लाँला लागते आणि ते बंदर क्वेबेक प्रांतात आहे. निदान एवढे तरी तपासून छापावे, ही विनंती. आणि ती लाकडांच्या सल्ल्याची चौकट याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे मागे घ्यावी.

आपला,
एक वाचक, सेंट जॉन्स (कॅनडा)