एक सेंटिमीटर, चारशे किलो

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं प्रकरण परवा रात्री वाचून संपवलं. तुला कावीळ झाल्याचं आम्हाला प्राजक्ताकडून कळलं, तेही सतरा दिवसांनी. त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. तू डायनासोरांच्या वजनांचं कोष्टक तपासायला पाठवलंस, तेवढंच बोलू.

टायरॅनोसॉरसच्या, म्हणजे शिकागोच्या ‘स्यू’ नावाच्या सांगाड्याच्या पुढे तू ८४६२ किलो लिहिलं आहेस. शेवटचे दोन किलोसुद्धा सोडले नाहीस! मिरकरवाड्याला काट्यावर टाकलेल्या सुरमईबद्दलही कोणी इतक्या छातीठोकपणे बोलत नाही. आकडा चुकीचा नाही, २०१९ च्या अभ्यासात तोच आहे. पण तो ५८० मिलिमीटर घेराच्या एका मांडीच्या हाडावरून काढलेला आहे. त्याच अभ्यासात कॅनडाच्या ‘स्कॉटी’चा घेर ५९० आणि वजन ८८७० किलो. म्हणजे घेरात एक सेंटिमीटर वाढला की चारशे किलो वाढले. आता सांग, टेप किंचित तिरकी बसली तर काय होईल? वजन घेराच्या साधारण पावणेतीनाव्या घातानं वाढतं, त्यामुळे घेरातली दोन टक्क्यांची चूक वजनात साडेपाच टक्के होऊन बसते.

आणि सूत्र बदललं तर? १९८५ चं दोन पायांवर चालणाऱ्यांसाठीचं सूत्र घे: ०.१६ गुणिले घेराचा २.७३ वा घात, घेर मिलिमीटरमध्ये, उत्तर ग्रॅममध्ये. ५८० घातलेस की ५.६ टन येतात. हाड तेच, प्राणी तोच, मधल्या मध्ये जवळजवळ तीन टन गायब. नव्या सूत्रालाही पंचवीस टक्के इकडे-तिकडे धरावेच लागतात. म्हणजे तुझ्या रकान्यात ‘साधारण साडेआठ टन, सहा ते साडेदहाच्या दरम्यान’ असं हवं. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

जेवण नीट होतंय ना? मेसची भाजी तेलात पोहत असते असं तूच म्हणाली होतीस.

हाड कसं मोजलंस ते प्रकरणात कुठेच नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. मांडीच्या हाडावर मागच्या बाजूला शेपटीचा मोठा स्नायू चिकटतो तो उंचवटा असतो, त्याच्या खाली दांडा सर्वांत बारीक होतो तिथला घेर घ्यायचा. स्टीलची टेप खळग्यांवरून पूल बांधते, कापडी टेप ताणली जाते. न ताणणारा दोरा किंवा कागदाची अरुंद पट्टी गुंडाळ, पेन्सिलीनं खूण कर, मग सपाट पट्टीवर ठेवून वाच. तीनदा, दर वेळी सोडून पुन्हा गुंडाळून, आणि एकदा दुसऱ्या दिवशी. चेपलेल्या हाडाचा व्यास घेऊन गोल धरून गणित करू नकोस, व्यास फार फसवतो. घेर त्या मानानं बरा, पण भेगा उघडून त्यात दगड शिरला असेल तर तोही फुगतो. अशा भेगांची रुंदी मोजून वजा कर, आणि किती वजा केलीस ते लिही. प्लॅस्टर भरून जोडलेला भाग असेल तर तिथला घेर घेऊच नकोस.

दोरा म्हटलं आणि परसातला फणस आठवला. फणस उतरवले की तू आजीच्या गोधडीचा दोरा घेऊन घेर मोजायचीस, काट्याच्या आधी वजन सांगायचीस आणि अण्णांकडून चार आणे घ्यायचीस. एकदा एका बाजूनं न भरलेला वाकडा फणस तुला नडला. अकरा किलो म्हणालीस, काट्यावर चौदा. रडलीस, पण दुसऱ्या दिवशी दोन ठिकाणी दोरा लावून आलीस. तेव्हा तुझं वय आठ. आता मात्र एकाच घेरावर थांबली आहेस.

दोन दोरे म्हणजे दोन पद्धती. घेराशेजारी आकारमानाचा रकाना हवा. कोलबर्टनं १९६२ मध्ये प्रतिकृती वाळूत बुडवल्या आणि टायरॅनोसॉरस सातेक टनांवर आणला, अलेक्झांडरनं १९८५ मध्ये पाणी वापरलं आणि ७.४ टन काढले. तुलाही जमेल. १:४० ची प्रतिकृती घे, पाण्यात साबणाचा थेंब टाक म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. सांडलेलं पाणी ११० मिलिलिटर आलं तर गुणिले ६४,०००, म्हणजे ७.०४ घनमीटर. वाचताना दोन मिलिलिटर चुकलं की १२८ लिटरची चूक. पण त्याहून मोठी चूक प्रमाणाची. दुकानातल्या खेळण्यावर १:४० छापलेलं असतं आणि शेपटीच्या टोकापर्यंत मापून ते ठरवलेलं असतं, खऱ्या सांगाड्यात तर टोकाची हाडं बहुधा सापडतच नाहीत. मांडीच्या हाडावरून प्रमाण लाव. लांबी पाच टक्के चुकली की वजन पंधरा-सोळा टक्के चुकतं. मग घनता. फुप्फुसं आणि पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या पाण्याला कळत नाहीत. १ च्या जागी ०.८५ धरलं तर सात घनमीटरवर एक टन कमी होतो. २०११ मध्ये संगणकावर सांगाड्यावर अंग चढवून स्यूचं वजन साडेनऊ टन काढलं, तेव्हा वाढीचा वेगही बदलला. आधी वर्षाला ७६७ किलो म्हणत होते, तो १७९० वर गेला. वजन चुकलं की त्यावर रचलेलं सगळं सरकतं.

दिवसाला जवळजवळ पाच किलोनं वाढणारं पोर त्या आईनं कसं पोसलं असेल! आजी रोज विचारते, ‘पोरीच्या अंगावर मांस चढलं की नाही?’ व्हिडिओ कॉलवर तुझी गळ्याची हाडं दिसतात. मी काही बोलत नाही.

राजासॉरसची ओळ मला पटली नाही. २००३ मध्ये नाव मिळालं, हाडं गुजरातेतल्या रहिओलीची, सांगाडा अपुरा. सुरुवातीला नऊ मीटरच्या आसपास लांबी सांगत, पुढच्या अभ्यासात ती ६.६ मीटरवर आली. घनाचा हिशेब लाव: वजनात अडीच पट फरक. तू कोणती लांबी घेतलीस? स्पायनोसॉरस तर घेराच्या रकान्यातून काढूनच टाक. मागचे पाय आखूड, पुढचं धड लांब. मांडीचं हाड त्याच्याबद्दल खोटंच बोलणार.

हे सगळं पुन्हा वाचलं तर वर्गात उभी असल्यासारखी बोलले आहे. माफ कर गं, आजारी मुलीला कोण असं लिहितं? प्रकरण चांगलं आहे. चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याच्या खडकांच्या थरांचं वर्णन तर बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते चष्मा काढून ऐकत होते. मला एवढंच वाटतं की आमच्याकडे सुरमईचं लांबी-वजनाचं सूत्र चुकलं, कोणी शेपटीच्या खाचेपर्यंत मापलं आणि कोणी टोकापर्यंत, तरी शेवटी काटा असतो, तो खरं सांगतो. तुझ्या प्राण्यांना काटा नाही. म्हणून कसं मोजलं हे न सांगता दिलेला आकडा माझ्या पोटात गोळा आणतो. फोनवरच्या ‘मी ठीक आहे’सारखाच.

ठरवलं होतं, नाही लिहायचं. लिहिलं गेलं.

विजूमामा गुरुवारी नागपूरला येतोय. त्याच्याकडे तांदळाचं पीठ, आगळाची बाटली आणि भाजके पोहे दिले आहेत. भुईआवळा आजीनं बांधून दिला आहे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठव, मागचा आणि आत्ताचा, दोन्ही. वजन सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर, तीन दिवस. तिन्ही आकडे कळव. सरासरी मी काढीन.

तुझी,
आई

ता. क. जुन्या सूत्राच्या रकान्यात एका ठिकाणी घेर सेंटिमीटरमध्ये घातला गेलाय, ५८०ऐवजी ५८. टायरॅनोसॉरस साडेदहा किलोचा झाला आहे. त्याहून मोठे फणस आपल्या परसात लागतात.