पद्मिनीचे टँक युनिट : टाकी रिकामी होत गेली आणि काटा वर चढत गेला

दिनांक : 24 फेब्रुवारी 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रीमियर पद्मिनीसाठी म्हणून विकलेले टँक युनिट उलट्या मापाचे निघाल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी 18 जानेवारी 2025 रोजी 1,850 रुपये भरून पेट्रोलच्या टाकीत बसून आत किती पेट्रोल आहे हे डॅशबोर्डवरच्या काट्याला कळवणारे, फ्लोटसह (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागासह) टँक युनिट मागवले. त्याच्या वर्णनात ‘प्रीमियर पद्मिनी, सर्व मॉडेल’ असे स्पष्ट लिहिलेले होते. ते माझ्या 1982 सालच्या गाडीच्या काट्याशी जुळत नाही, हे मी आपल्या ग्राहक सेवेला दोनदा ई-मेलने कळवले. दोन्ही उत्तरांत मूळ मुद्द्याला हात न लावता दोष गाडीच्या वयावर ढकलण्यात आला, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

युनिट बदलण्याचा निर्णय मी अंदाजाने घेतला नव्हता. काटा मध्येच निम्म्यावरून एकदम शून्यावर पडायचा आणि खड्डा लागला की पुन्हा वर उडायचा. तेव्हा मी टाकीवरच्या युनिटची वायर काढून पाहिली, तर काटा रिकाम्यावर गेला. तीच वायर गाडीच्या बॉडीला क्षणभर टेकवल्यावर तो भरलेल्या खुणेपर्यंत सरळ चढला. म्हणजे डॅशबोर्डवरचे गेज आणि तिथपर्यंतची वायरिंग ठीक होती. टाकीला बॉडीपासून वेगळी वायर देऊन अर्थिंगही तपासले आणि त्यानेही फरक पडला नाही. जुने युनिट बाहेर काढून त्याचा विद्युत रोध मल्टिमीटरवर मोजला, तेव्हा फ्लोट तळाशी असताना सुमारे 320 ओहम (रोधाचे एकक), पूर्ण वर असताना 6 ओहम आणि मधल्या एका टप्प्यात काहीच नाही, असे वाचन मिळाले. त्या जागी आतली तार झिजून तुटली होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, आणि ज्या भागांसाठी पूर्वी पुण्याच्या नाना पेठेत दुकान निवडायची पंचाईत व्हायची, त्यांच्यासाठी आता दुकानदार ‘ऑनलाइन बघा’ म्हणतात. तसे पाहिले आणि आपल्यापर्यंत पोहोचलो.

आपले युनिट बसवायला काहीच अडचण आली नाही. स्क्रूची भोके जुळली, गॅस्केट नीट बसले, फ्लोटची दांडीही योग्य लांबीची होती. त्या दिवशी टाकी साधारण अर्धी होती आणि काटाही निम्म्याच्या जरासा वर थांबला, त्यामुळे काम झाले असे मी समजलो. पुढचे दहा-बारा दिवस गाडी घरात दोघे वापरत होतो. काटा पाऊणच्या पुढे दिसला तेव्हा चिरंजीवांनी पेट्रोल भरले असावे असा माझा समज झाला, आणि मी भरले असावे असा चिरंजीवांचा. 9 फेब्रुवारीला वाईला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी आचके देत बंद पडली, तेव्हा काटा जवळजवळ भरलेल्या खुणेवर होता. सोबत माझ्या 78 वर्षांच्या आई होत्या. महामार्गाच्या कडेला, मागून ट्रक येत असताना, कॅनमधून पेट्रोल येईपर्यंत आम्हाला सव्वा तास थांबावे लागले. त्यानंतर पहिल्याच पंपावर टाकी काठोकाठ भरली, तर काटा वर जाण्याऐवजी उतरत उतरत पाव आणि अर्ध्याच्या मध्ये येऊन स्थिरावला.

घरी आल्यावर बॅटरीची वायर सोडवून आणि टाकीतले पेट्रोल उपसून मी आपले युनिट बाहेर काढले व मोजले. फ्लोट तळाशी असताना 11 ओहम आणि पूर्ण वर असताना 178 ओहम भरले. पद्मिनीच्या गेजला नेमके उलटे लागते : टाकी रिकामी असताना जास्त रोध आणि भरलेली असताना अगदी कमी. आपण पाठवलेले युनिट रिकाम्याला सुमारे 10 आणि भरलेल्याला सुमारे 180 ओहम अशा मापाच्या दुसऱ्या प्रकारच्या गेजसाठी बनवलेले आहे. दोन्ही मापे अर्ध्या टाकीच्या आसपास एकमेकांना छेदतात, म्हणूनच बसवल्या दिवशी काटा खरा वाटला. पहिल्याच दिवशी टाकी भरलेली असती, तर ही चूक दारातच उघडी पडली असती.

आपल्या पहिल्या उत्तरात ‘जुन्या गाड्यांत अर्थिंगचा दोष असतो, इलेक्ट्रिशियनला दाखवा’ असे म्हटले आहे. टाकीचे अर्थिंग सैल असेल तर रोध वाढतो आणि या गाडीत काटा रिकाम्याकडे झुकतो. रिकाम्या टाकीवर तो भरलेल्याकडे जाणे अर्थिंगच्या दोषाने शक्यच नाही, हे उत्तर लिहिणाऱ्याने जवळच्या कोणत्याही गॅरेजमध्ये विचारले असते तरी कळले असते. दुसऱ्या उत्तरात ‘एकदा बसवलेला माल परत घेतला जात नाही’ असा नियम सांगितला आहे. मात्र ओहमचे माप आपल्या वेष्टनावर, पावतीवर किंवा संकेतस्थळावर कुठेही दिलेले नाही. अशा स्थितीत न बसवता चूक ओळखण्याची अपेक्षा ग्राहकाकडून कशी करता येईल? माल सदोष नाही, असेही कदाचित आपण म्हणाल. तो ज्या गाडीसाठी बनला तिच्यासाठी नसेलही, पण आपण तो पद्मिनीसाठी विकला आहे.

माझी मागणी अशी की युनिटची किंमत 1,850 रुपये आणि परत पाठवण्याचा कुरिअर खर्च मला मिळावा. त्याच प्रकारचे दुसरे युनिट बदली म्हणून पाठवू नये. संकेतस्थळावरून ‘पद्मिनी’ हा उल्लेख काढावा किंवा योग्य मापाचा माल ठेवून त्याचे ओहम तिथे छापावेत. ज्यांनी हेच युनिट पद्मिनीसाठी घेतले आहे त्यांना आपण स्वतःहून कळवावे, ही मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्यापैकी कोणाची टाकी आज अर्धी असेल तर त्यालाही काटा बरोबरच दिसत असेल.

ई-कॉमर्सबाबतच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. त्या मुदतीत निर्णय न कळल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. पावतीची प्रत, दोन्ही ई-मेल आणि फ्लोट वर-खाली करून घेतलेल्या मल्टिमीटरच्या वाचनांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. युनिट मूळ खोक्यात गॅस्केटसह ठेवलेले असून आपला माणूस आल्यास त्याच्यासमोर पुन्हा मोजून दाखवण्याची माझी तयारी आहे.

कळावे.

आपला,
एक ग्राहक, पुणे